बदलीच्या घरात आगमनकाळ: कामाच्या नोंदी, नोव्हेंबर २०२५ ते जानेवारी २०२६

सेनादलातलं ख्रिस्ती कुटुंब, बदलीचं नवं सरकारी घर, बाबा तैनातीवर, शाळेत जाणारी मुलं, आणि आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार ३० नोव्हेंबरला. त्याआधी घरात प्रार्थनेची जागा, चार मेणबत्त्यांचं चक्र (दर रविवारी एक मेणबत्ती जास्त लावायची) आणि उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार लिहायची, वही तयार करायची, एवढं हे काम. प्रत्येक वस्तूला तीन अटी लावल्या. पुढच्या बदलीला सगळं एकाच पेटीत बसलं पाहिजे. भिंतीला भोक न पाडता ते उभं राहिलं पाहिजे. आणि बाबांच्या परतीच्या तारखेवर त्यातलं काहीही अवलंबून असता कामा नये. या तिसऱ्या अटीने सर्वांत जास्त फरक पडला. असंच काम हाती घेणाऱ्यांनी १० डिसेंबरची नोंद आधी वाचली तरी चालेल.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सामान उतरलं. निघताना सर्वांत शेवटी चढवलेली पेटी सर्वांत आधी उतरवून उघडली. पवित्र शास्त्र, गीतपुस्तक, क्रूस, एक धुतलेली चादर, हातोडी, पेचकस आणि फडकी एवढंच तिच्यात. बाकीची खोकी दारातच असताना पहिल्या रात्रीची प्रार्थना होऊ शकली ती या पेटीमुळे. त्या रात्री स्तोत्र १२१ वाचलं. जाणं-येणं राखणाऱ्याचं हे स्तोत्र आठच वचनांचं आहे, दमलेली मुलंही तेवढं बसतात.

गेल्या वर्षीच्या उरलेल्या मेणबत्त्या मात्र गेल्या. उन्हात उभ्या राहिलेल्या बंद गाडीत साधं पॅराफिन मेण मऊ होतं आणि वरच्या वजनाने मेणबत्ती धनुष्यासारखी वाकते. शिवाय वर्तमानपत्रात गुंडाळल्याने शाई पांढऱ्या मेणाला चिकटली होती. वाकलेली मेणबत्ती कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून सपाट फळीवर लाटल्यासारखी फिरवली की बरीचशी सरळ होते. शाईचा डाग जात नाही. यापुढे मेणबत्त्या कोऱ्या कागदात, आडव्या, कडक डब्यात ठेवायच्या आणि तो डबा हातातल्या सामानातून न्यायचा. मधमाश्यांचं मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळतं, म्हणून ते प्रवासात जास्त टिकतं. पण ते महाग पडतं, आणि चारही मेणबत्त्या त्याच्या घेण्याची गरज नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

उपासनेला गेलो. नव्या मंडळीत (चर्चच्या समुदायात) पहिल्याच दिवशी पाळकांना, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंना, चार गोष्टी विचारून घ्याव्यात: आगमनकाळात उपासनेची वेळ बदलते का, मुलांचा वर्ग केव्हा असतो, घरी प्रार्थनेला कोणी येऊ शकतं का, आणि इथे मेणबत्त्यांचे रंग कोणते. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण काही मंडळ्या जांभळ्या मेणबत्त्या वापरतात, काही निळ्या, काही चारही लाल. घरात एक रंग आणि चर्चमध्ये दुसरा असला की मुलं गोंधळतात. इथे तीन जांभळ्या आणि एक गुलाबी असं ठरलेलं आहे. घरीही तेच ठेवायचं.

१८ नोव्हेंबर

भिंतीने दिवस खाल्ला. क्रूस आणि दोन चित्रं लावायला चिकटवायचे हूक आणले. डिस्टेंपरच्या भिंतीवर हात फिरवला की बोटाला पांढरी भुकटी लागते. हूक त्या भुकटीलाच चिकटतो आणि रात्रीत ती घेऊन खाली येतो. ओल्या फडक्याने पुसून, वाळवून पुन्हा लावला. हलकं चित्र टिकलं, क्रूस पडला. सरकारी घरात खिळा ठोकला तर घर सोडताना भोक बुजवून रंग जुळवून द्यावा लागतो, आणि काँक्रीटच्या भिंतीत साधा खिळा वाकतोच.

भिंतीचा नाद सोडला. स्वतःच्या पायावर उभी राहणारी, मिटता येणारी तीन पानांची फळी करायची ठरली.

१९ ते २१ नोव्हेंबर

फळीचं माप: १२ मिलिमीटरचं प्लायवुड, मधलं पान ४० सेंमी रुंद, बाजूची दोन पानं प्रत्येकी २० सेंमी रुंद, तिन्हींची उंची ३० सेंमी. मिटल्यावर बाजूची पानं मधल्या पानावर दारासारखी येऊन मध्यावर भेटतात. चार छोट्या बिजागऱ्या, प्रत्येक सांध्याला दोन.

यात तीन गोष्टी बिघडल्या.

पहिली स्क्रूची. बिजागऱ्यांबरोबर आलेले स्क्रू १५ मिलिमीटरचे होते. १२ मिलिमीटरच्या फळीतून त्यांचं टोक पलीकडे निघालं. १० मिलिमीटरचे स्क्रू हवेत. त्याआधी बारीक ड्रिलने थोडंसं भोक पाडून घेतलं तर प्लाय फुटत नाही. स्क्रू प्लायच्या कडेत तर मुळीच घालू नये, थर सुटतात.

दुसरी बिजागरीच्या जागेची. दिसू नयेत म्हणून बिजागऱ्या मागून लावल्या. त्यामुळे पानं मागच्या बाजूला मिटू लागली, म्हणजे बांधल्यावर चित्रं बाहेरच्या अंगाला. पेटीत घासून खराब होण्याची पक्की सोय. बिजागरी ज्या अंगाला लावाल त्याच अंगाला पान मिटतं. सगळ्या काढून पुढून लावल्या. त्या दिसतात, पण पितळी असल्या तर वाईट दिसत नाहीत. पुढून लावल्याने मिटलेल्या पानांमध्ये थोडी फट राहते आणि चित्रं एकमेकांवर घासत नाहीत, हा फायदाच झाला.

तिसरी क्रुसाची. मागून स्क्रू मारून तो मधल्या पानावर पक्का केला, आणि फळी मिटेचना, कारण क्रूस फटीपेक्षा जाड. उपाय असा निघाला: क्रुसाच्या पाठीत ८ मिलिमीटरच्या दोन लाकडी खुंट्या सरस लावून बसवल्या, एक वर आणि एक खाली, आणि फळीत तेवढीच भोकं पाडली. क्रूस दाबला की बसतो, ओढला की निघतो. खुंटी एकच ठेवली तर क्रूस तिच्याभोवती फिरून तिरका होतो.

पानं पूर्ण सपाट उघडली की फळी मागे कलंडते. ती अर्धवट उघडी राहावीत म्हणून बाजूच्या दोन पानांच्या खालच्या कोपऱ्यांना मागून सुतळी बांधून बेताची लांबी ठेवली. डाव्या पानावर कुटुंबाचा फोटो, उजव्या पानावर आठवड्याच्या वाचनाचा कागद. फोटोला काच नको, पातळ ॲक्रिलिक पत्रा हवा. बाबांचा फोटो साध्या कपड्यांतला निवडला. घरी येणारे पाहुणे या कोपऱ्याचे फोटो काढतात, आणि गणवेशावरची चिन्हं त्यांत जाण्याचं काही कारण नाही.

सगळ्या कामाला दोन संध्याकाळी पुरायला हव्या होत्या, तीन लागल्या. जास्तीचा सगळा वेळ बिजागऱ्यांत गेला.

२३ नोव्हेंबर, रविवार

फळीखालचं कापड. लांबी १२० सेंमी, रुंदी ३० सेंमी, एक बाजू जांभळी आणि दुसरी पांढरी. आगमनकाळात जांभळी वर, ख्रिस्तजन्माला पांढरी. दोन वेगळी कापडं सांभाळण्यापेक्षा हे बरं.

सुती कापड आधी धुवायलाच हवं. जांभळ्या कापडाने बादलीभर पाणी रंगवलं. पाणी स्वच्छ निघेपर्यंत ते वेगळंच धुतलं. मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने तयार कापडाचा रंग पक्का होतो असं सांगतात, त्यावर विसंबू नये. न धुता शिवलं असतं तर पहिल्याच धुण्यात पांढरी बाजू जांभळट झाली असती. धुतल्यावर कापड आटतं, म्हणून १३० सेंमी कापून घेतलं होतं.

दोन्ही शिवून उलटवल्यावर पांढऱ्यातून जांभळं दिसत होतं. एक कड उसवून मध्ये पांढऱ्या अस्तराचा थर घातला. हे आधीच लक्षात ठेवावं: उसवण्यात आणि पुन्हा शिवण्यात दुपार जाते.

याच दुपारी पडदेही हातावेगळे केले. बदलीच्या घरांत खिडक्यांची उंची कधीच सारखी नसते. जास्तीचं कापड खाली दुमडून ठेवलं तर पुढच्या घरात ते सोडल्यावर जुनी घडी आणि न विटलेला पट्टा उठून दिसतो. म्हणून जास्तीचे २० सेंमी वरच्या दुमडीत ठेवायचे. तिथे चुण्यांत सगळं झाकलं जातं.

२५ ते २७ नोव्हेंबर

मेणबत्त्यांचं चक्र. ३५ सेंमी व्यासाची, १८ मिलिमीटर जाडीची लाकडी गोल पाटी, चार भोकं, आणि प्रत्येक भोकात धातूची वाटी. वाटी वगळू नये. मेणबत्ती संपत आली आणि लक्ष नसलं तर ज्योत सरळ लाकडावर येते. वाटीत मेणबत्ती सैल बसली तर बुडाला ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळावी. कागद गुंडाळू नये, तो पेटतो.

मेणबत्तीची लांबी हिशेब करून घ्यावी. पहिली मेणबत्ती ३० नोव्हेंबर ते २४ डिसेंबर रोज लागते, म्हणजे २५ दिवस. दुसरी ७ डिसेंबरपासून १८ दिवस, तिसरी १४ पासून ११, चौथी २१ पासून फक्त ४. अंगठ्याएवढ्या जाडीची साधी मेणबत्ती वारा नसताना तासाला सुमारे अडीच सेंमी जळते. रोज १५ मिनिटं धरली तर पहिलीला सव्वासहा तास, म्हणजे सुमारे १६ सेंमी मेण लागतं. शेवटचे ५ सेंमी जाळायचे नाहीत असं ठरवलं तर २० सेंमीची मेणबत्ती कमी पडते, २५ ची पुरते. दुसरीला ११ सेंमी, तिसरीला ७, चौथीला अडीच. म्हणून पहिली लांब घ्यावी, बाकीच्या २० सेंमीच्या चालतात.

आणलेल्यांपैकी एक आधी जाळून पाहिली. बंद खोलीत हिशेब जुळला. पंखा सुरू केल्यावर तीच मेणबत्ती एका बाजूने वितळून ओघळू लागली आणि तासाला ४ सेंमीच्या आसपास गेली. म्हणजे प्रार्थनेच्या वेळी पंखा बंद आणि चक्र खिडकीपासून दूर. वात प्रत्येक वेळी पेटवण्याआधी ५-६ मिलिमीटरवर कापावी, नाहीतर काजळी धरते.

गुलाबी मेणबत्ती मिळाली नाही. जांभळीच्या बुडाशी गुलाबी फीत बांधली, ज्योतीपासून पुष्कळ खाली. गुलाबी मेणबत्ती शोधण्यात गेलेला वेळ वाचवता आला असता.

या सगळ्या कामात सर्वांत मोठा खर्च प्लाय आणि बिजागऱ्यांचा, त्याखालोखाल मेणबत्त्यांचा. पण प्लायचा खर्च एकदाच आहे, मेणबत्त्यांचा दरवर्षी.

३० नोव्हेंबर, पहिला रविवार

पहिली मेणबत्ती लावली. यशया ४० मधलं वाचन, एक गीत, प्रभूची प्रार्थना. पंधरा मिनिटांत बसलं. मोठं वाचन निवडलं की धाकटी मुलं ज्योतीशी खेळू लागतात, म्हणून वाचन दहा वचनांपर्यंतच ठेवायचं.

बाबांच्या फोनची वाट बघत प्रार्थना अडवायची नाही, हे पहिल्याच दिवशी पक्कं केलं. तैनातीवरून फोन लागेलच असं नसतं. प्रार्थना फोनवर टांगली की न लागलेल्या फोनाबरोबर प्रार्थनाही रडत संपते. वेळ दोन्हीकडे ठरलेली आहे, इथल्या घड्याळाप्रमाणे रात्री साडेआठ. बाबा जिथे असतील तिथे त्या वेळी तोच उतारा वाचतात, शक्य असेल तर. फोन लागला तर तो प्रार्थनेनंतर.

३ डिसेंबर

उपकारस्तुतीच्या वहीत अडचण आली, आणि तिचं निराकरण होईपर्यंत पुढचं काम थांबवलं. सगळ्या कामात जपून करावी अशी गोष्ट ही वहीच.

आधी बरणी आणि चिठ्ठ्या असा बेत होता. तो सुरुवातीलाच सोडला होता: काचेची बरणी प्रवासात फुटते, चिठ्ठ्या सांडतात, आणि तारीख नसलेली चिठ्ठी वर्षाने वाचली तर काहीच आठवत नाही. म्हणून पक्क्या बांधणीची वही घेतली. जेल पेन वापरू नये, ओल लागली की अक्षर पसरतं. साधं बॉलपेन बरं.

अडचण अशी की रोज रात्री प्रत्येकाने तीन उपकार लिहायचे ठरले, आणि दोन-तीन दिवसांतच सगळ्या ओळी सारख्या झाल्या. जेवण, घर, शाळा. जेवण, घर, मित्र. मुलं गृहपाठ उरकावा तसं उरकत होती. मोठ्या माणसाचंही फारसं वेगळं नव्हतं.

वही अशी बदलली. रोजऐवजी आठवड्यातून तीनदा. तीनऐवजी एकच उपकार. त्यात एका माणसाचं नाव किंवा नातं आलंच पाहिजे आणि गोष्ट त्याच आठवड्यात घडलेली पाहिजे. 'शाळेबद्दल उपकार' चालणार नाही, 'पहिल्या दिवशी वर्ग सापडत नव्हता तेव्हा वरच्या मजल्यावरच्या ताईने हात धरून नेलं' हे चालेल. ज्यांना अजून लिहिता येत नाही ते चित्र काढतील, मोठं माणूस खाली तारीख घालेल.

दुसरा बदल याहून मोठा. डावं पान गाऱ्हाण्यांसाठी मोकळं सोडलं. सहा महिन्यांसाठी बाप दूर गेलेल्या, जुने मित्र मागे सोडून आलेल्या मुलाला फक्त उपकारच लिहायला लावले की ते खोटं लिहायला शिकतं. स्तोत्रकर्ता तसं करत नाही. स्तोत्र १३ सहाच वचनांचं आहे. त्याची सुरुवात किती काळ विसरशील या गाऱ्हाण्याने होते आणि शेवट गाण्याने. मधली वाट चाललीच पाहिजे. आता डाव्या पानावर आधी गाऱ्हाणं लिहायचं, देवाला उद्देशून, आणि मग उजव्या पानावर उपकार. डावं पान कोरं राहिलं तरी चालतं, उजवं पान कोरं राहिलं तरी कोणी रागावणार नाही.

हे केल्यावर त्याच रात्री डावी पानं भरली. उजव्या पानांवर खरी नावं दिसू लागली.

७ डिसेंबर, दुसरा रविवार

दोन मेणबत्त्या. वाचन मत्तय ८:५-१३, कफर्णहूमचा शताधिपती, म्हणजे शंभर शिपायांवरचा अधिकारी. सैनिकाच्या घरात हे वाचन आगमनकाळात एकदा तरी यावं. हुकूम देणं आणि पाळणं म्हणजे काय हे ज्याला ठाऊक, त्यानेच येशूच्या शब्दाचा अधिकार ओळखला, हे सेनादलातल्या मुलांना समजावून सांगावं लागत नाही.

वहीतल्या पानांचे फोटो बाबांना पाठवायला सुरुवात केली. पाठवण्याआधी पान वाचून घ्यावं. मुलं निरागसपणे जागेचं नाव, तुकडीचं नाव, 'अमुक तारखेला निघणार' असं लिहितात. वहीत असं काहीच लिहायचं नाही असा घरचा नियम केला, फोनमधली फोटोची स्थळनोंदही बंद केली. फोटो पोचेल याचा भरवसा नसतो, म्हणून महत्त्वाची पानं हाताने उतरवून पत्रातूनही गेली. उशिरा पोचलेल्या पत्रावर आतली तारीख असली की वाचणाऱ्याला क्रम लागतो.

१० डिसेंबर

मुलांनी कागदाच्या कड्यांची साखळी केली होती. बाबा परत यायला जितके दिवस तितकी कडी, रोज एक फाडायची. सैनिकांच्या घरांत असं पुष्कळदा करतात. तारीख पुढे गेल्याचा निरोप आला. साखळीला कडी पुन्हा जोडण्याची वेळ आली आणि मुलं ढासळली.

परतीचे दिवस उलटे मोजणारं काहीही घरात करू नये. मोजणी ज्या तारखेवर उभी आहे ती आपल्या हातात नाही, बाबांच्याही नाही. आगमनकाळाची गोष्ट वेगळी आहे. २५ डिसेंबर हलत नाही, म्हणून तिथे उलटी मोजणी चालते. १८३९ साली हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिख विखर्न या धर्मशास्त्रज्ञाने आपल्या आश्रमातल्या गरीब मुलांसाठी गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या, त्याही मुलांना नाताळ किती दूर आहे हे दिसावं म्हणून: २० छोट्या लाल रोजच्या दिवसांच्या आणि ४ मोठ्या पांढऱ्या रविवारांच्या. आपलं चार मेणबत्त्यांचं चक्र त्यातूनच आलं. मुलांना तारीख पक्की असलेली एक मोजणी द्यावी, आणि ती ही.

साखळी टाकून दिली नाही, उलटी केली. आता रोज एक कडी जोडायची, आणि तिच्या आतल्या बाजूला वहीतली एक ओळ उतरवायची. साखळी वाढत जाते. तारीख पुढे गेली तर ती फक्त लांब होते, चूक ठरत नाही. कड्यांना साधा पातळ कागद घेऊ नये, वजनाने फाटतो. कार्डपेपरच्या अडीच सेंमी रुंद पट्ट्या आणि डिंकाऐवजी स्टेपल. डिंक ओलसर हवेत सुटतो.

१४ डिसेंबर, तिसरा रविवार

चक्राभोवती घातलेल्या हिरव्या फांद्या हात लावला की गळू लागल्या. कापलेला पाला तीन आठवड्यांआधीच वाळतो, आणि वाळलेला पाला मेणबत्तीशेजारी ठेवणं म्हणजे आगीला आमंत्रण. सगळा काढून टाकला. नव्या फांद्यांची बुडं रात्रभर पाण्यात ठेवून मग लावल्या, ज्योतीपासून दहा सेंमी तरी दूर आणि मेणबत्त्यांच्या पातळीपेक्षा खाली. दरवर्षी फांद्या दोनदा लागतील असं धरूनच चालावं, किंवा हिरव्या लोकरी कापडाची पानं करून ठेवावी. ती पेटीतही बसतात, पण ज्योतीपासून तितकीच दूर हवीत.

फीत बांधलेली मेणबत्ती आज लागली, आनंदाचा रविवार. वाचन लूक ३:१०-१४. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला लोक विचारतात, आम्ही काय करावं, आणि शेवटी शिपाईही विचारतात. योहान त्यांना नोकरी सोडायला सांगत नाही. लोकांना लुबाडू नका, खोटे आरोप करू नका, आपल्या पगारात समाधानी राहा, असं सांगतो. महिन्याचा हिशेब लिहिताना हे वाचन उपयोगी पडतं. घरखर्चाच्या वहीच्या पहिल्या पानावर लूक ३:१४ लिहून ठेवलं.

कापडावर मेण सांडलं. बर्फाचा खडा घासून मेण कडक केलं, बोथट सुरीने खरवडलं, मग दोन कोऱ्या टिपकागदांमध्ये ठेवून कोमट इस्त्री फिरवली. मेण निघालं, जांभळ्या मेणाची छटा पांढऱ्या बाजूला थोडी उतरली. चक्राखाली स्टीलची थाळी ठेवली. ती पहिल्या दिवसापासून ठेवायला हवी.

२१ डिसेंबर, चौथा रविवार

चारही लागल्या. पहिली मोजली: १४ सेंमी जळली होती, हिशेबापेक्षा किंचित जास्त, कारण रविवारी प्रार्थना लांबते. मरियेचं गीत वाचलं, लूक १:४६-५५.

२४ डिसेंबर

गव्हाणीचा देखावा मांडला. लाकडी आकृत्या निवडल्या होत्या. मातीच्या सुंदर असतात, पण एका बदलीतच मेंढरांचे पाय जातात. बाळ येशूची आकृती आजच ठेवायची असते, म्हणून ती वेगळी ठेवलेली, आणि वेगळी ठेवलेली वस्तू हमखास हरवते. ती पत्र्याच्या छोट्या डबीत घालून डबी पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली होती, त्यामुळे या वेळी शोधावी लागली नाही.

कापड उलटवून पांढरी बाजू वर केली. चक्राच्या मध्यभागी पांढरी मेणबत्ती लावली.

३१ डिसेंबर

वर्षाखेरीची उपकारस्तुती घरी केली. स्तोत्र १३६ मध्ये २६ वचनं आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी एकच पालुपद. वहीच्या उजव्या पानांतून २६ ओळी निवडून एका कागदावर उतरवल्या. एकाने ओळ वाचायची, बाकीच्यांनी स्तोत्राचं पालुपद म्हणायचं. दहा-बारा मिनिटं लागतात. लहान मुलांना वाचता आलं नाही तरी पालुपद पाठ होतं, त्यामुळे कोणी बाहेर राहत नाही. ओळी निवडायला तासभर हाताशी ठेवावा. घाईत निवडल्या तर एकाच मुलाच्या ओळी जास्त येतात आणि दुसऱ्याच्या ते लक्षात येतं.

ज्यांची नावं वहीत आली त्यांना आभाराची चिठ्ठी दिली: सामान उतरवायला आलेले, पहिल्या आठवड्यात मुलांना शाळेत सोडणारे, मंडळीतून डबा आणून देणारे. मागच्या ठाण्यावरच्या शेजाऱ्यांनाही लिहिलं. सैनिकी वसाहतीत हे लांबवू नये, कारण तेही बदलून जातात आणि पत्ता हातातून जातो.

६ जानेवारी २०२६, मंगळवार

प्रकटीकरणाचा सण, ज्ञानी लोक बाळ येशूच्या दर्शनाला आल्याची आठवण. पाळक घरी येऊन प्रार्थना करून गेले. दाराच्या चौकटीवर खडूने २०+सी+एम+बी+२६ लिहिलं: दोन्ही टोकांना वर्ष, मधली अक्षरं 'ख्रिस्त या घराला आशीर्वाद देवो' या लॅटिन वाक्याची. ही रीत बदलीच्या घराला चांगली जमते, घर सोडताना ओल्या फडक्याने पुसलं की झालं. तेलरंगाच्या गुळगुळीत दारावर खडू उठत नाही, चौकटीच्या वरच्या खरबरीत कडेवर उठतो.

पेटी भरली. तळाला लाकडी पाटी, तिच्यावर मिटलेली फळी पांढऱ्या कापडात गुंडाळून, क्रूस काढून वेगळा. बाजूला देखाव्याच्या आकृत्या एकेक गुंडाळून. उरलेल्या तीन मेणबत्त्या कडक डब्यात. पहिलीचं थोटूक वितळवून काडेपेटीच्या कागदी खणांत लाकडाच्या भुशाबरोबर ओतलं, शेगडी पेटवायला उपयोगी. मेण थेट आचेवर वितळवू नये, पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवूनच वितळवावं. झाकणाच्या आत वस्तूंची यादी चिकटवली, प्रत्येक वस्तूपुढे पेटीतली जागा. पेटी एका माणसाला उचलता येते, हे पाहून घेतलं.

साखळी आणि वही पेटीत गेली नाहीत. दोन्ही चालू आहेत.

पुढच्या आगमनकाळासाठी आणायचं: २५ सेंमीची एक मेणबत्ती, २० ची एक गुलाबी मिळाली तर, १० मिलिमीटरचे स्क्रू सुटे ठेवायला, आणि नवी वही. २०२६ मध्ये पहिला रविवार २९ नोव्हेंबरला येतो, म्हणजे पहिली मेणबत्ती एक दिवस जास्त जळेल.